एक ‘ढ’ घडवताना

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच वर्गाची निवडानिवड उरकून घ्या. दिवाळीपर्यंत थांबलात तर मुले तुम्हाला खोटे पाडायला लागतात. यासाठी चाचणी वगैरे लागत नाही. मागच्या वर्गाच्या बाईंना चहा पिताना विचारा, थोरल्या भावाचे पराक्रम आठवा, वहीचे कव्हर बघा. पुढचे दोन बाक हुशार, मधले ‘निघतील पास’, भिंतीकडचे शेवटचे तीन ढ. एकदा ठरले की वर्षभर डोक्याला ताप नाही.

अंदाज चुकला तर, ही भीती बाळगू नका. रोझेनथाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्या पाठीशी आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना सांगितले की यातली वीसेक टक्के मुले यंदा झपाट्याने पुढे जाणार. नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढलेली. तरी वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांनी बुद्धिमत्ता चाचणीत इतरांपेक्षा मोठी झेप घेतली. वरच्या वर्गांत फरक फारसा नव्हता, आणि आकड्यांवरून पुढे विद्वानांत भरपूर जुंपली. आपण एवढेच घ्यायचे, की माल कोवळा असतानाच हात घालावा.

खरी कारागिरी प्रश्न विचारण्यात आहे. “सात आठे किती?” म्हणून शेवटच्या बाकाकडे बोट करा. मूल उभे राहते, बाक करकरतो. एकोणपन्नासपासून पुढे मोजायला बोटे पाठीमागे जातात. पन्नास, एक्कावन्न... इथेच कापा. “बस खाली. तू सांग गं.” पुढच्या बाकावरून छप्पन्न येतेच. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजले, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, आणि कच्च्या मुलांच्या वाट्याला हुशारांपेक्षाही कमी वेळ येत होता. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, “येत नाही” म्हणणारे घटतात आणि नको ते हात वर होतात. तेव्हा मनात तीन आकडे मोजण्याची खोड लावून घेऊ नका.

ढ मुलाचे कौतुकही करावे, मात्र तारीख नीट लिहिल्याबद्दल. “शाबास, आज समास आखलास!” अख्ख्या वर्गाला त्याची लायकी कळते, त्यालाही.

शिस्तीचे काम मॉनिटरकडे. फळ्याचा डावा कोपरा आणि खडूचा तुकडा त्याच्या हवाली करा. बोलणाऱ्यांची नावे, नावापुढे फुल्या. मॉनिटरचा दोस्त कितीही बोलला तरी यादीत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते, तुम्हाला नसावे. ज्याचे नाव लागले तो हिशेब करतो: शिक्षा होणारच आहे, मग गप्प कशाला बसू? दुसऱ्या तासाला वर्ग बाजार होतो. मग सगळ्यांना उभे करा. जी वीस मुले गप्प होती, त्यांनाही गप्प बसण्यात काही मिळत नाही हे समजलेच पाहिजे.

छडीचा मोह टाळा. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. त्यात मानसिक छळालाही बंदी आहे म्हणा, पण “तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत का?” याचा वळ उठत नाही. प्रगतिपुस्तकात “अभ्यासात लक्ष नाही” लिहा. कुणाचे, ते लिहू नका.

एकच धोका. तुम्ही रजेवर असताना ऑफ तासाला कुणीतरी नवखे सर येतात. त्यांना बाकांची व्यवस्था माहीत नसते. ते “सात आठे?” विचारतात आणि खडू झटकत तसेच उभे राहतात, अगदी निवांत. शेवटच्या बाकावरून छप्पन्न ऐकू येते. रजेचा अर्ज देतानाच यादी हजेरीपटाला टाचून ठेवत चला.