फ्रिट्झ हेबरच्या नावावर काय जमा करायचे?

उसाच्या भरणीचे दिवस आले की करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत युरियाच्या पोत्यांसाठी धावपळ सुरू होते. पांढरे दाणे घमेल्यात ओतून घ्यायचे, सरीतून चालत बुडख्याशी मूठमूठ टाकायचे आणि मागून पाणी सोडायचे, हे आमच्या कोल्हापूरकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्या दाण्यांत ४६ टक्के नत्र असते. ते हवेतून मिळवण्याची वाट दाखवणाऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबरचे नाव बारावीपर्यंत प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याच्या कानावर पडते, पण त्याचे उरलेले आयुष्य वर्गात सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याचे श्रेय आधी नीट मांडले पाहिजे. हवेत नत्र अमाप आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला बंध इतका घट्ट असतो की पिकाला ते थेट घेता येत नाही. १९०९च्या जुलैत कार्ल्सरूहे येथील प्रयोगशाळेत हेबरने हवेच्या दाबाच्या पावणेदोनशे पटींहून अधिक दाब, पाचशे अंशांवर तापमान आणि ऑस्मियमचा उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) वापरून नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया, म्हणजे युरियाचा कच्चा माल, थेंबाथेंबाने सलग काढून दाखवला. उपकरण रॉबर्ट ल रोसिन्योलने घडवले होते. स्वस्त लोहयुक्त उत्प्रेरक पुढे आल्विन मिताशने शोधला आणि कार्ल बॉशने १९१३मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियाचा कारखाना चालू केला. आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या प्रक्रियेवर अवलंबून असल्याचे मानले जाते. अमोनियासाठी १९१८चे नोबेल हेबरला मिळाले, त्यात मला काहीच वावगे वाटत नाही.

परंतु पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून सुमारे दीडशे टन क्लोरीन हा विषारी वायू सोडला, तोही हेबरच्याच पुढाकाराने. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत सरकत खंदकांत उतरतो आणि आडोशाला बसलेल्या माणसालाच आधी गाठतो. हेबरने हे तंत्र सुचवले, माणसे तयार केली आणि वाऱ्याची दिशा अनुकूल होईपर्यंत तो स्वतः आघाडीवर थांबला.

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सर्वांनी शाळेत लिहिला आहे, आणि हेबरचा विषय निघाला की आपण त्याच साच्यात शिरतो. अमोनियापासून खत होते तशी स्फोटकेही होतात, तिथे तो साचा काही अंशी लागू पडतो. क्लोरीनच्या बाबतीत मात्र दुसऱ्या कोणी शोधाचा गैरवापर केला नव्हता. शोधकर्त्यानेच तो मार्ग निवडला होता. ‘त्याने केले नसते तर दुसऱ्याने केले असते’ असे वायूबद्दल म्हणणारे अमोनियाबद्दल तसे कधी म्हणत नाहीत, हेही मला खटकते. शिवाय नकार देणे शक्य होते. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नने वायूच्या कामात सहभागी होण्यास नकार दिला, आणि रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगरने युद्ध चालू असतानाच या अस्त्राविरुद्ध लिहिले.

हेबरची पत्नी क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, आणि ब्रेस्लाऊ विद्यापीठात ती मिळवणारी पहिली स्त्री होती. ईप्रनंतर दहा दिवसांनी तिने त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. तिच्या मृत्यूचे सगळे खापर वायूवर फोडणे मला रास्त वाटत नाही, परंतु हेबरवरच्या भाषणांत तिचे नावही येऊ नये, हे फार क्लेशकारक आहे.

जन्माने ज्यू असलेल्या हेबरने १९३३मध्ये, ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा हुकूम आल्यावर, बर्लिनमधील आपल्या संशोधन संस्थेचे संचालकपद सोडले आणि पुढच्याच जानेवारीत बाझेल येथे त्याचे निधन झाले. त्याच्या संस्थेत झालेल्या कीटकनाशक संशोधनातून पुढे आलेला झायक्लॉन बी हा विषारी पदार्थ नाझींनी छळछावण्यांत माणसे मारण्यासाठी वापरला, तो त्याच्या मृत्यूनंतर. त्या संहारासाठी त्याला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो निर्णय इतरांचा होता. ईप्रचा निर्णय त्याचा होता, आणि तो अमोनियाच्या शेजारी, त्याच धड्यात शिकवला जावा असे माझे ठाम मत आहे.