हरकत कशी घ्यावी

कॉलनीशेजारच्या प्लॉटवर मशीद होणार अशी कुणकुण लागली, तर घाबरू नका. सांगलीत राहताय, भडंगाची दोन पाकिटं आणा, चार माणसं जमवा. बैठक आपल्या मारुतीच्या देवळात घ्या. लेआउटच्या खुल्या जागेत परवानाबिरवाना न काढता बांधलंय, त्यामुळं हवेशीर आहे.

अर्जात 'मशीद' हा शब्द नको. 'वाहतूक' घाला. 'पार्किंग' तर घालाच. गणपतीत आपला मांडव दहा दिवस अख्खा रस्ता अडवतो, ती वाहतूक निराळी. आवाजाच्या मुद्द्याला मात्र जपून हात घाला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा डीजेलाही लागू आहे, आणि मागच्या विसर्जनाला समोरच्या आजींची फळीवरची भांडी कशानं पडली, हे अजून कुणी विसरलेलं नाही.

एखादा शहाणा संविधान काढेल. कलम २६ प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपल्या संस्था स्थापायचा आणि चालवायचा हक्क देतं, म्हणेल. बिचकू नका. त्याच कलमाच्या सुरुवातीला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट आहे. तेवढंच मोठ्यानं वाचा आणि पुस्तक मिटा. सुव्यवस्था बिघडेल कशावरून, असं विचारलं तर ठामपणे सांगा, बिघडणारच. बिघडवणार आपण, आपल्याला नाही ठाऊक तर कुणाला?

खरी पंचाईत या जिल्ह्याची आहे. ऐन वेळी दगा देतो. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गेली चाळीसेक वर्षं गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजायला लागली म्हणून मुसलमानांनीच आत बोलावली, ती पुन्हा बाहेर बसवावी असं कुणाला सुचलंच नाही. (गावात जागरूक नागरिक नसावेत.) गणपतीतच बकरी ईद आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी टाळली. कडेगावच्या मोहरमचं तर बोलूच नका, ताबुतांना हिंदूंचेच खांदे. असले विषय निघाले की भडंग पुढं सरकवा.

बैठकीनंतर भजन ठेवलं असेल तर तंबोरा लागेल, आणि तो मिरजेचाच असणार. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथं वाद्यं घडवायला घेतली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबरही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातच. गवई अजून तिथं हजेरी लावायला जातात. तेव्हा तंबोरा मांडताना एवढं बघा, कारागिराच्या नावाच्या पट्टीवर झेंडूचा हार नीट आला पाहिजे.