साकुराचा बंदोबस्त

टोकियोत वसंत ऋतूचे आगमन सरकारी अधिकारी जाहीर करतात. यासुकुनी देवळाच्या आवारात हवामान खात्याने नमुन्यादाखल नेमलेले चेरीचे एक झाड आहे. मार्च महिन्यात अधिकारी त्याच्याखाली उभे राहून माना वर करून फुले मोजतात, आणि पाच-सहा फुले उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याची घोषणा होते. चार फुले मोजून झाल्यावर, समोर कॅमेरे रोखलेले असताना, पाचव्या कळीच्या मनावर केवढे दडपण येत असेल!

शहरातली बहुतेक साकुराची, म्हणजे चेरीची, झाडे ‘सोमेई योशिनो’ या एकाच जातीची, म्हणजे कलमावर कलम करून वाढवलेली एकाच झाडाची भावंडे असल्याने ती सगळी एकदमच फुलतात. पूर्ण बहर आठवडाभरात येतो आणि पावसाची एखादी जोरदार सर आली की ओसरतो. परिणामी सुमारे १ कोटी ४० लाख वस्तीच्या या महानगराला फुले पाहण्याची, म्हणजे हानामीची हौस एखाद्या शनिवार-रविवारातच उरकून घ्यावी लागते.

कचेरीच्या हानामीसाठी सर्वांत नव्या माणसाने भल्या पहाटे जाऊन जागा धरायची, असा प्रघात आहे. जपानी कंपन्यांत नवी भरती १ एप्रिलला होते आणि मी टोकियोतल्या कचेरीत नवा होतो त्या वर्षी बहर मार्चअखेरीसच आला. त्यामुळे नवखेपणाचा मान माझ्याकडेच राहिला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या कुळात जन्मलेला असल्यामुळे मी हे काम अगदीच किरकोळ समजत होतो. पण उएनोच्या बागेत रुमालाला किंमत नाही. तिथे निळ्या ताडपत्रीवर जिवंत माणूस बसलेला असावा लागतो. साकुराच्या दिवसांत हमखास परतणारी थंडी ताडपत्रीखालून वर येत होती. त्यातच महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी डोंगरच्या डोंगर भरून लावलेल्या ‘सुगी’ या जपानी देवदार वृक्षांचे पराग याच सुमारास शहरावर उतरतात, आणि त्यांना परदेशी नागरिकांचे वावडे नाही. शिंकांची माळ लागली तेव्हा खिशातल्या रुमालाला अखेर काम मिळाले.

दुपारी सहकारी आले. सर्वांनी ताडपत्रीच्या कडेला बूट काढून, परतीच्या दिशेने तोंडे करून एका रांगेत मांडले, माझे मनापासून आभार मानले, वर पाहून ‘वा, सुंदर!’ म्हटले आणि लगेच जेवणाचे डबे उघडले. ते उघडताच माझ्या शाकाहाराची परीक्षा सुरू झाली. वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क जपानी स्वयंपाकात आपल्या फोडणीइतकाच सर्वसंचारी असतो. वरकरणी निष्पाप दिसणारा भोपळासुद्धा त्यातच शिजलेला निघाला. शेवटी गुलाबी, पांढरा आणि हिरवा असे तीन गोळे काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे दांगो खाऊन मी दिवस काढला. बागेत कचरा टाकायचा नसल्यामुळे तो वेगवेगळ्या पिशव्यांत भरून न्यायचा होता, आणि नवखेपणाचा मान तेव्हाही माझ्याकडेच होता. फुलांनी बहरलेल्या त्या सायंकाळी, गर्दीच्या लोकलमध्ये, दहा जणांच्या उष्ट्या डब्यांच्या पिशव्या छातीशी धरून मी उभा होतो.

रविवारी चहाच्या विधीचे आमंत्रण होते. मांडी घालून जेवणाऱ्या देशातला माणूस म्हणून सेन्सेईबाईंनी, म्हणजे चहाचा विधी शिकवणाऱ्या गुरुबाईंनी, माझ्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवल्या होत्या. पण तिथे मांडी चालत नाही, वज्रासन लागते, तेही एखाद्या घटकेपुरते नव्हे. चहाच्या खोलीचे दार जेमतेम दोन फूट उंचीचे असते. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूंच्या नावाशी जोडलेल्या या दारातून तलवार बाहेर ठेवून सामुराईलाही सरपटत यावे लागे. माझ्यापाशी तलवार नव्हती, पोट होते, आणि ते बाहेर ठेवण्याची सोय नव्हती.

आधी खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेला साकुरामोची हा गोड पदार्थ खायचा. मग वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवायचा, दोनदा फिरवून त्याचा दर्शनी भाग दुसरीकडे वळवायचा, शेवटचा घोट आवाज करून प्यायचा आणि ओठ लागलेली कड बोटांनी पुसायची. हे सारे मी नेटाने केले. तोवर पायांना आलेल्या मुंग्या कंबरेपर्यंत चढून स्थायिक झाल्या होत्या, आणि अंगठे हलवून पाहावेत तर ते कुठे आहेत हेच कळेना.

त्यानंतर वाकून वाडगा निरखण्याचा टप्पा येतो. उठणे अशक्य असल्याने मी निरखतच राहिलो: काळपट झिलईत एका बाजूला उतरलेला तांबूस ओघळ, तळाशी राहिलेला हिरवा फेस, कडेवरची पुसटशी खोक. इतर पाहुणे उठून अंगणात गेले, तरी मी वाडग्यावर ओणवाच होतो. सेन्सेईबाईंनी एवढा रसिक परदेशी पाहुणा पूर्वी पाहिला नसावा. त्या आत गेल्या आणि मला दाखवण्यासाठी आणखी चार वाडगे घेऊन आल्या.