थंडी आली, की आमच्या आप्पांची झोप उडते

आज पहाटे गॅलरीचं दार उघडलं आणि पहिली गार झुळूक अंगावर आली. पुण्यात आता सगळीकडे 'गुलाबी थंडी' सुरू होईल. थंडी मलाही मनापासून आवडते. पण मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची. आमच्या घरी हिवाळ्यातला पहिला प्रश्न असतो, "पारा किती?"

पारा म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तो घसरला की गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभराही खूश. बांधापलीकडची द्राक्षबाग मात्र धास्तावते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते, आणि पुढे मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते पिकू लागायच्या सुमारास पारा एकदम खाली आला की मणी तडकतात. तडकलेल्या मालाकडे व्यापारी बघतसुद्धा नाही. म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. लहानपणी गोधडी पांघरून शेकोटीजवळ बसणं ही माझी मोठी चैन होती. आप्पांचे डोळे लाल दिसायचे. ते धुरानं की जागरणानं, हे मी कधी विचारलं नाही.

तेव्हा ऋतूंना क्रम तरी होता. हस्ताचा पाऊस सरायचा, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायचं, मग वारा उत्तरेकडून वाहू लागायचा आणि आभाळ निवळायचं. ढग नसले की जमिनीतली ऊब रात्रीत निघून जाते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अंगावर काटा यायचा तो त्यामुळेच. आता २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस आमच्याकडे गारपीट झाली. २०२५ मध्ये तर पाऊस मे महिन्यातच आला. उन्हाळ्यात वेल छाटतात ती खरड छाटणी; तिच्यानंतर काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, त्यासाठी ऊन लागतं, आणि नेमकं तेच मिळालं नाही.

आप्पा म्हणतात, "थंडी पावलापावलानं आली तर वेल सोसते." मला हे फार खरं वाटतं. गारठ्याशी आमचं भांडण नाहीच, तो हवाच. त्याच्या अचानक येण्याची भीती आहे. म्हणून बातम्यांत 'निफाड गारठलं' एवढंच सांगून थांबतात, तेव्हा वाईट वाटतं. त्या रात्री बागा कोणत्या अवस्थेत होत्या, किती घरं जागी होती, हेही सांगा ना.

सकाळीच फोन केला. आप्पा म्हणाले, "चौदा आहे. झोपलो निवांत." मागून आईचा आवाज आला, "काटक्यांचा ढीग लावून ठेवलाय म्हणावं बांधावर."