फेअरवे आहे की चाळीची गॅलरी?

आज रविवार. पावणेपाचला उठलो, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून अंधारातच आवरलं, चहासुद्धा न घेता गोल्फ खेळायला निघालो आणि सातव्या होलपर्यंत चार बॉल हरवून बसलो. चार! डोकं इतकं फिरलंय की पोहे समोर गार होतायत आणि मी हे टाइप करतोय.

कोर्सचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, तेही तिथे बॉल हरवूनच आलेले असणार. पावसाळा संपल्यावर कमिटीने फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, आवळले. सातव्यावर पूर्वी चाळीसेक यार्ड रुंदी होती. आज मी पावलं टाकून मोजली, 22 भरली. दोन्ही बाजूंना हरळी अशी माजवून ठेवलीय की बॉल पडला की गेला, पायाखाली आला तरच सापडायचा. आणि बोर्डावर नोटीस काय, तर 'चॅम्पियनशिप दर्जा'. अहो, कुठली चॅम्पियनशिप? इथे येतात ती अठरा-वीस हँडिकॅपची, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण तेवढे जास्त घेणारी माणसं. निम्म्यांच्या गुडघ्याला पट्टा आणि उरलेल्यांच्या कमरेला.

रुंदी का हवी, तर मारायला सोपं जावं म्हणून नव्हे. हेच या लोकांच्या टाळक्यात शिरत नाही. आमचं सातवं घ्या. डावीकडे नाला, ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पुढ्यात उजवीकडे खोल बंकर, वाळूचा खड्डा. पूर्वी हिंमत असेल तर टीवरून (पहिला फटका मारतात तिथून) नाल्याला खेटून मारायचं. तिथून ग्रीन सताड उघडं दिसायचं, बंकर वाटेतच यायचा नाही. घाबरलात तर उजवीकडे ऐसपैस जागा होती, पण मग दुसरा शॉट थेट त्या बंकरवरून. म्हणजे टीवर उभं राहतानाच झेंडा कुठे लावलाय ते बघायला लागायचं. आमच्या चौकडीतले नाना, वय 74, ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) जेमतेम 170 यार्ड. ते उजवीकडून टुकूटुकू यायचे, बंकरच्या अलीकडे थांबायचे, चिप करायचे (छोटा उचललेला फटका) आणि कधीकधी पारमध्ये होल संपवून आम्हाला वेडावून दाखवायचे. चार माणसं, चार वाटा. आता? चौघांनीही आयर्न (कमी लांब पण सरळ मारणारी काठी) काढायची, मधोमध मारायची आणि देवाचं नाव घ्यायचं. बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "साहेब, आता लाइन सांगायला काही उरलंच नाही."

तोच कॅडी चेंबूरच्या वस्तीत वाढलाय, जिथे पोरं सळया वाकवून प्लॅस्टिकच्या बॉलने गल्लीत गोल्फ खेळतात. मी पाहिलंय. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी गल्ली, पण त्यांना पर्याय दिसतात: भिंतीला टप्पा देऊन काढायचा, पत्र्यावरून टाकायचा की गटाराच्या कडेने सरपटवायचा. आमच्या सातव्यापेक्षा त्या गल्लीत जास्त डोकं लागतं!

कमिटीतल्या एका गृहस्थांना विचारलं तर म्हणतात, "मग काय, आझाद मैदान करू का?" करा की! आझाद मैदानावर 22 खेळपट्ट्या आहेत, एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिड-ऑनला पाठ लावून उभा असतो आणि तिथे क्रिकेट थांबलेलं नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर वेगळं काय आहे? पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच, मध्ये रेघसुद्धा नाही. सात ग्रीन तर दोन-दोन होल्समध्ये वाटलेली. सोळाव्याला फेअरवेच्या ऐन वाटेत 'प्रिन्सिपल्स नोज' नावाचे बंकर बसलेत आणि उजवीकडे जुन्या रेल्वेमार्गाची हद्द, ती ओलांडली की आउट ऑफ बाउंड्स. बंकर आणि रेल्वेच्या फटीतून गेलात तर सरळ मार्ग, डावीकडे गेलात तर सुरक्षित, पण पुढचा शॉट अवघड. जागा भरपूर आहे म्हणूनच तिथे विचार करावा लागतो.

आणि रुंद म्हणजे सोपं, हे कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 वर 2010-11 मध्ये रफ (कडेचं वाढवलेलं गवत) काढून टाकलं, फेअरवे पुन्हा रुंद केले, कडेला वाळू आणि झुडपं ठेवली. 2014 ची यूएस ओपन तिथेच झाली. मार्टिन काइमर जिंकला आणि चार दिवसांनंतर पारच्या खाली किती जण होते? तीन. अख्ख्या जगातले बाप खेळाडू आणि फक्त तीन!

उलट 2020 ची यूएस ओपन विंग्ड फूट कोर्सवर, तिथे अरुंद फेअरवे आणि जाडजूड रफ. ब्रायसन डीशॅम्बोने चार दिवसांत 56 पैकी 23 फेअरवे गाठले आणि तरी सहा अंडरने (पारपेक्षा सहा फटके कमी), सहा शॉट्सच्या फरकाने जिंकला. कारण सोपं आहे. तो इतका लांब मारतो की रफमधूनही हातात वेज (जवळच्या फटक्याची काठी) असते. आमचे नाना तिथून काय काढणार? त्यांना अजून दोनशे यार्ड राहिलेले, बॉल गवतात बुडालेला. म्हणजे फेअरवे आवळून शिक्षा झाली कोणाला? तिशीतल्या पहिलवानाला नाही, सत्तरीतल्या माणसाला.

वर वेळेची बोंब. 2019 पासून बॉल शोधायला पाचऐवजी तीन मिनिटंच मिळतात. नाही सापडला तर एक स्ट्रोक दंड घेऊन पुन्हा टीवर, कारण प्रोव्हिजनल (हरवला तर म्हणून आधीच मारून ठेवायचा दुसरा बॉल) मारायचं आम्हाला आयत्या वेळी सुचत नाही. चौघांचे तीन-तीन मिनिटं धरा, मागे रांग, रांगेतून खाकरणं, मग आरडाओरडा. आज राउंडला साडेपाच तास लागले. एवढ्यात कर्जतला जाऊन परत आलो असतो.

हे मान्य की रुंद फेअरवे कापायला मशीन जास्त फिरवावं लागतं, पाणीही जास्त लागतं, उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते. हेही मान्य की पावसाळ्यात आपल्याकडे ग्रीन इतकी मऊ होतात की कुठूनही मारा, बॉल पडतो तिथेच रुततो, मग डावी बाजू काय नि उजवी काय. पण डिसेंबर ते मार्च जमीन कडक असते, बॉल टप्पा घेऊन पळतो, तेव्हाच तर कोनाची खरी मजा! नेमक्या त्याच महिन्यांत यांनी गवत वाढवलं.

सूचनांच्या वहीत आज पानभर लिहून आलो. आधीच्या पानावर कोणीतरी हीच तक्रार लिहिलेली, तीन आठवड्यांपूर्वीची, आणि त्याखाली लाल शाईत 'नोंद घेतली'. एवढंच. सहीसुद्धा नाही.

नानांनी पार्किंगमध्ये बॅग डिकीत टाकली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी मला धरू नका. नातवाची मॅच आहे आझाद मैदानावर. तिथे बॉल हरवला तर निदान दुसऱ्या मॅचवाला परत फेकतो."