तलावाला दिवे पुष्कळ झाले

मोती तलावाचे आणखी सुशोभीकरण होऊ नये, असे माझे मत आहे. आणि सावंतवाडीत राहून हे जाहीरपणे लिहिणे म्हणजे भर मांडवात वरमाईच्या लुगड्याला नाव ठेवण्यासारखे आहे, याचीही मला कल्पना आहे. पाहुणा आला की त्याला आधी तलावावर न्यायचे, समोरचा राजवाडा दाखवायचा, नरेंद्र डोंगराकडे बोट करायचे आणि मग चितार आळीत लाकडी फळे घ्यायला न्यायचे, हा आपल्या सगळ्यांचा ठरलेला रिवाज आहे, आणि मीही तो गेली तीस वर्षे पाळत आलो आहे. त्यामुळे तलावावर खर्च होतो याविषयी माझी तक्रार नाही. तो कशावर होतो आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत होतो, याविषयी मात्र आहे.

आपला तलाव निसर्गाने दिलेला नाही, ही गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. तो १८७४ साली संस्थानकाळात बांधला गेला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सखल जागेत पाणी अडवले, काठ बांधून काढले, आणि वाडीला तिचा चेहरा मिळाला. जे माणसाने बांधले ते माणसानेच राखावे लागते. आपल्याकडे मिरगाच्या आधी प्रत्येक जण कौले परततो, फुटकी बदलतो, पडवीला झडी बांधतो, लाकूडफाटा आत घेतो. यात कोणी कोणावर उपकार करत नाही, आणि कौले परतल्याचा फोटो काढून कोणी गावभर दाखवतही नाही. घर गळू नये म्हणून ते करायचे असते. एवढ्या मोठ्या तलावाला मात्र आपण दर काही वर्षांनी नवे दागिने घालतो आणि त्याची कौले परतायची राहून जातात.

राहून जातात म्हणजे काय, तेही स्पष्ट लिहितो. पहिला जोराचा पाऊस पडला की डोंगरावरून उतरणारे ओहोळ माती, पालापाचोळा आणि हल्ली त्याबरोबर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि थर्माकोल घेऊन खाली येतात, आणि वाटेतली गटारे साफ नसतील तर तेही सगळे तलावाच्या वाट्याला येते. आंबोली आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे, तेव्हा आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. दर वर्षी थोडा थोडा गाळ बसतो आणि पाण्याची पातळी मात्र काठाशी तेवढीच दिसते. तलाव भरलेला दिसणे आणि तलावात पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली वरून दिसत नाही, दिवे दिसतात; म्हणून दिव्यांना पैसे मिळतात आणि खोलीला मिळत नाहीत.

गाळ काढला जात नाही असे नाही. पाणी कमी करून, यंत्रे उतरवून तो काढला गेलेला मी पाहिला आहे. पण एका उन्हाळ्यात काढलेला गाळ काठाजवळच ढीग करून ठेवला होता, तो उचलून नेण्याचे कोणाच्या तरी कामात राहून गेले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या दोन सरींनी त्यातला बराचसा परत जिथून आला होता तिथे नेऊन घातला. मी छत्री घेऊन उभा राहून ते पाहत होतो. ते काम कोणाकडे होते हा माझ्या लिहिण्याचा विषय नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर काठावर आणखी वीस-पंचवीस माणसे होती आणि आम्ही सगळ्यांनी पावसाचा आनंद घेतला, हे मला जास्त लागले आहे.

मंगळवारच्या आठवडा बाजारात डोंगरापलीकडच्या वाडीतून एक आजी येते. बाजार कुठे भरवायचा यावर आपल्याकडे जेवढे बोलून झाले आहे तेवढे बहुधा दुसऱ्या कशावर झाले नसेल, पण ती आजी जागा बदलली तरी बरोबर तिथे येऊन बसते. पावसाळ्यात तिच्याकडे फागला, टाकळा आणि शेगलाचा पाला असतो, नशीब असेल तर एखाद्या पानात अळंबी असते, आणि चतुर्थी जवळ आली की माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायची हिरवी कवंडळे असतात. मागच्या पावसात तिने फागलांचा वाटा पुढे करत म्हटले, "घे रे झिला, सकाळीच खुडून हाडलंय," आणि मी पैसे काढेपर्यंत तलावाकडे मान वळवून आपल्याच तंद्रीत म्हणाली, "पाणी दिसता भरपूर, पण म्हस उबी रवली तर पोटाक लागाचा नाय." यात अतिशयोक्ती आहे, हे मी मान्य करतो. पण पाण्याकडे पाहून आधी त्याची खोली मनात येणारी माणसे गावात थोडी उरली आहेत, आणि ती बहुतेक डोंगरापलीकडून येतात.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस उशिरा येते. चाकरमान्यांना गाडीची तिकिटे काढायला थोडी उसंत मिळाली, एवढाच याचा अर्थ आपण घेतला. पाऊस पंचांगातला अधिक महिना पाळत नाही. त्यामुळे यंदा चतुर्थीपर्यंत पावसाचे दिवस जास्त, आणि म्हणून तलावात उतरणारी मातीही जास्त, हा हिशेब कोणी केलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

नारळी पौर्णिमेला आपण तलावाला नारळ अर्पण करतो. समुद्र दूर असलेल्या गावाने आपल्या तलावाला समुद्राचा मान द्यावा, ही मला फार देखणी रीत वाटते. पोलिसांचा मानाचा नारळ वाजतगाजत येतो, मग इतर नारळ, आणि मग काठावर नारळ लढवण्याचा जो गलका उठतो त्यात दुसऱ्याचा नारळ फोडणाऱ्यापेक्षा फुटलेल्या नारळाचे खोबरे पळवणारी पोरेच अधिक सुखी असतात. समुद्राला नारळ वाहताना कोळी 'आता शांत हो, आमच्या होड्यांना वाट दे' असे मागतो. आपण तलावाकडे काय मागतो, हे मी बऱ्याच जणांना विचारले आणि कोणालाच सांगता आले नाही. मला वाटते, मागण्यासारखे आपल्याकडे काही नाही, देण्यासारखे आहे. आणि ते आपण नारळावर भागवतो.

चतुर्थीचे मात्र नारळाइतके सोपे नाही. आपल्याकडे दीड दिवसाचा, पाचांचा, सातांचा, अकरांचा असा गणपती घराण्यागणिक वेगळा, एखाद्या घरी एकवीस दिवसांचाही, त्यामुळे विसर्जन म्हणजे एका रात्रीचा प्रकार नव्हे. तीन आठवडे तलावाच्या पायऱ्यांवर या ना त्या घरचे पाट येतच असतात. पूर्वी चित्रशाळेत आपण स्वतःचा पाट नेऊन देत असू, त्यावर मातीची मूर्ती घडत असे, आणि ती पाण्यात गेली की तासाभरात तिची पुन्हा माती होत असे. आजही आपल्या भागात मातीच्या मूर्ती पुष्कळ होतात आणि त्याचा मला अभिमान आहे. पण प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, स्वस्त आणि साच्यातून झटपट निघणारी असल्यामुळे तीही दर वर्षी वाढत्या संख्येने दिसते, आणि तिचे पाण्यात काय होते हे पाहायला आपण दुसऱ्या दिवशी तिथे नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाले, कृत्रिम तलाव आले; ते सगळे ज्याने त्याने वर्तमानपत्रात वाचले आहे, मी त्यात शिरत नाही.

मला फक्त पाटाविषयी लिहायचे आहे. विसर्जन झाले की रिकामा पाट घेऊन परत येण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पाण्यातली मूठभर माती पाटावर घ्यायची, ती घरी आणून मखरात ठेवायची, तिची आरती करायची, आणि मग ती घरात, परसात, गोठ्यात शिंपडायची. काही वर्षांपूर्वी आमचा पाट घेऊन मी पाण्यात उतरलो, वाकून मूठ भरली आणि घरी आल्यावर कंदिलाच्या (त्या रात्री नेहमीप्रमाणे वीज गेली होती) उजेडात पाहिले, तर हातात मातीबरोबर एक पांढरट कडक खपली होती, आणि तिच्या एका बाजूला गुलाबी रंग होता. कोणाच्या तरी गणपतीचा तो खांदा असेल किंवा गुडघा. आईने ती खपली उचलून तुळशीच्या बुडाशी ठेवली आणि काही बोलली नाही. ती पुढल्या चतुर्थीपर्यंत तिथे तशीच होती, वर्षभराच्या पावसाने तिचा गुलाबी रंगसुद्धा गेला नव्हता.

इथे माझाही दोष कबूल करतो, नाहीतर हे सगळे लिहिण्याला अर्थ नाही. आमच्या घरचे निर्माल्य मी कित्येक वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेत असे आणि पिशवीसकट पाण्यात सोडत असे, कारण फुले हाताने काढून टाकायला वेळ लागतो आणि मागे रांग असते. त्या पिशव्या अजून त्याच गाळात असतील.

कोणी म्हणेल की तलावाची एवढी वाईट दशा असती तर तिथे काही जगले नसते. उलट, आपल्या तलावात अधूनमधून मगरही दिसते. ती दिसली की गावाचे अर्धे काम बंद पडते, काठावर मोबाइल उंचावून माणसे उभी राहतात, आणि तिची लांबी बाजारात पोचेपर्यंत दुप्पट होते. मला या बातमीची गंमत वाटते. ज्या पाण्याच्या खोलीबद्दल कोणाला दहा वर्षांत प्रश्न पडला नाही, त्याच पाण्यात किती फुटांची मगर आहे, हे मात्र प्रत्येकाला नक्की ठाऊक असते.

काठाचा एक भाग मागे एका पावसात ढासळला, तेव्हा आठ दिवस सगळे गाव दगडांविषयी बोलत होते. ते आठ दिवस मला चांगले वाटले होते. मग बोलणे ओसरले आणि पुन्हा कारंज्यावर आले.

कारंजी, रंगीत दिवे आणि फोटोसाठीच्या जागा यांच्याविरुद्ध माझे काही वैर नाही. झाराप-पत्रादेवी मार्ग झाल्यापासून मुंबई-गोवा वाहतूक गावाबाहेरून जाते आणि आपले रेल्वे स्थानक मळगावला, त्यामुळे वाटेवरचा माणूस वाकडी वाट करून आत यावा यासाठी काहीतरी दाखवावे लागते, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे मला पटते. डिसेंबरात तलावाकाठी महोत्सव होतो तेव्हा माझी नात त्या दिव्यांपुढून हलत नाही आणि मीही तिला ओढून नेत नाही. पण दिवा लावण्याला उद्घाटन असते, गाळ उपसण्याला नसते. नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवली आणि ती दर आठवड्याला साफ केली, याची फीत कोण कापणार? त्यामुळे हे काम कोणाच्याही कारकिर्दीत मागेच पडणार, माणसे चांगली असली तरी. आणि म्हणून ते गावाने मागितल्याशिवाय होणार नाही.

मागणी मोठी नाही. दर वर्षी मे महिन्यात तलावाच्या ठरलेल्या दहा ठिकाणी खोली मोजावी आणि ते दहा आकडे मागील वर्षाच्या आकड्यांशेजारी तलावाकाठच्या केशवसुत कट्ट्यावर एका साध्या फळ्यावर लिहावेत. फळ्याला रंगीत दिवा नको. संध्याकाळी फिरायला येणारी शे-दोनशे माणसे तो रोज वाचतील, आणि एखाद्या ठिकाणचे पाणी दोन वर्षांत हातभर कमी झालेले दिसले की चर्चा आपोआप मगरीवरून गाळावर येईल. बाकीचे, म्हणजे ओहोळांची तोंडे मिरगाआधी साफ करणे, काढलेला गाळ त्याच आठवड्यात दूर नेणे, विसर्जनाच्या तीन आठवड्यांत रोज सकाळी पायऱ्यांचे पाणी चाळणे, हे करायचे कसे याची जाण गावात पुष्कळांना आहे.

मी स्वतः गेल्या रविवारी पहाटे सुताच्या दोरीला फूटफूट अंतरावर गाठी मारून, टोकाला पाटा-वरवंट्यातला जुना वरवंटा बांधून पायऱ्यांवर गेलो होतो. चालायला आलेल्या दोघांनी मी मासे धरतो आहे की काय अशी चौकशी केली. दोरी चौथ्या गाठीवर सैल पडली आणि वरवंटा वर ओढताना कोपरापर्यंत काळा चिखल लागला. काठाजवळ पाणी उथळ असणारच, तेव्हा यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला समजते. खरा आकडा मधल्या पाण्यातच मिळेल आणि त्यासाठी होडी लागेल. कोणाकडे असेल किंवा कोणाची ओळख असेल, तर नारळी पौर्णिमेच्या आधी मला अवश्य कळवावे. परवानगीचे मी पाहतो, आणि मगरीचे वनखात्याला विचारून घेऊ.