चमचाभर पाणी आणि आयसीयूविषयीचा एक फॉरवर्ड

गेल्या मंगळवारी माझ्या मावशीने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली विचारले, "हे खरे आहे का गं?" तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, न्यूमोनियामुळे सहा दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. ‘आयसीयूत तुमच्यापासून लपवली जाणारी सहा सत्ये’ असे त्या संदेशाचे शीर्षक आहे. नर्स दर दोन तासांनी कूस बदलून रुग्णाची झोपमोड करतात. कफ ओढताना प्राणवायूही ओढून घेतात. बेशुद्ध माणसाचे दात घासण्याचे नाटक बिलासाठी असते. व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेलेलाच असतो. रुग्णाचे हात छळण्यासाठी बांधतात. आणि तो तहानेने कासावीस होत असल्याने घरच्यांनी नर्सची नजर चुकवून चमचाभर पाणी किंवा नारळपाणी त्याच्या तोंडात घालावे, असा त्याचा एकूण आशय. अतिदक्षता विभागात अठरा वर्षे नर्स म्हणून काम केल्यावर असे संदेश मी न वाचताच पुसते. हा पुसला नाही, कारण मावशीच्या पिशवीत नारळपाण्याची बाटली भरून तयार होती.

म्हणून सुरुवात त्या चमच्यापासूनच करते. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून थेट श्वासनलिकेत उतरते आणि तिच्या टोकाशी एक लहान फुगा हवेने फुगवलेला असतो. वरून गळणारी लाळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून तो असतो खरा, पण तो बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसत नाही. त्याच्या घड्यांमधून लाळ थोडी थोडी झिरपतच राहते. गिळण्याची क्रिया बंद पडलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले नारळपाणी पोटात जात नाही. ते त्या फुग्यावर साचते, तोंडातले जंतू सोबत घेते आणि तिथून खाली उतरते. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या फुप्फुसांत आपल्या हाताने साखरपाणी सोडण्याचा हा प्रकार आहे. नळी काढल्यानंतरही काही दिवस घशाचे स्नायू दुबळे असतात, ठसकाही नीट लागत नाही. म्हणून आधी गिळण्याची तपासणी होते आणि मगच तोंडाने पाणी सुरू होते. तोपर्यंत शरीराला लागणारे पाणी सलाइनमधून आणि नाकातून पोटात गेलेल्या राइल्स ट्यूबमधून मोजून दिले जाते, आणि त्या वेळी पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली असते.

तोंड कोरडे पडून रुग्णाला त्रास होतो, एवढे मात्र त्या संदेशात खरे आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. त्यावर उपाय आहे तो पाण्यात बुडवून नीट पिळलेला बोळा ओठांवरून आणि जिभेवरून फिरवण्याचा. सिस्टरांना विचारून हे काम घरच्यांनाही करता येते. लपवाछपवीची गरजच नाही.

आता दात घासण्याचे ‘नाटक’. डिसेंबर २०२३मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकाने पंधरा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. रुग्णालयात जडणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले आणि आयसीयूतील मृत्यूंचे प्रमाणही कमी होते. न्यूमोनियाबाबतचा हा लाभ मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला. एका साध्या, मऊ ब्रशचे हे काम आहे. ज्या बिलात हजारोंची इंजेक्शने असतात, त्यात हा ब्रश शोधून त्यावर संशय घेणाऱ्याची मला कमाल वाटते.

कूस बदलण्याविषयी फार लिहीत नाही. माकडहाडावर, टाचांवर, डोक्याच्या मागच्या बाजूला सतत भार राहिला की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरू लागते. लाल डागावर अंगठा दाबून उचलल्यावर तो क्षणभर पांढरा पडला नाही, तर इजा सुरू झाली आहे असे आम्ही धरतो. सावळ्या त्वचेवर तो डाग दिसतही नाही, तेव्हा ऊब आणि कडकपणा हाताने चाचपावा लागतो. रक्तदाब फारच ढासळला असेल तर पूर्ण कूस न बदलता थोडासाच कल देतात. झोपमोड होते, हे खरे. पण हाडापर्यंत गेलेली जखम भरायला महिने लागतात.

कफ ओढताना प्राणवायू क्षणभर घटतो, हेही अर्धसत्य आहे. म्हणूनच आधी शंभर टक्के प्राणवायू देतात, एकेक खेप पंधरा सेकंदांच्या आत संपवतात आणि गरज दिसली तरच कफ ओढण्याची नळी आत घालतात. ‘व्हेंटिलेटर म्हणजे मृत्यू’ या वाक्याला उत्तर देण्याचीही माझी इच्छा नाही. मेंदूमृत्यू ठरवण्याची कायद्याने आखलेली वेगळी पद्धत आहे, त्यात चार डॉक्टरांचे मंडळ असते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते.

हात बांधण्याच्या मुद्द्यावर मात्र मला पूर्ण नाही म्हणता येत नाही. गुंगीत, भ्रमात असलेला माणूस नळी उपसून काढतो आणि ते जिवावर बेतू शकते, म्हणून पट्टी बांधली जाते. परंतु व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी, हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहते, आणि रात्रपाळीत मी स्वतः तीन व्हेंटिलेटर एकटीने सांभाळले आहेत. त्या रात्री जे हात मी बांधले, त्यांतले काही केवळ मी दुसऱ्या खाटेशी अडकलेली होते म्हणून बांधले. पट्टी का बांधली, दिवसातून किती वेळा सोडली, मनगटाखाली दोन बोटे जातात का, हे घरच्यांनी जरूर विचारावे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

मावशीने ते बुधवारी विचारले. आता भेटीच्या वेळेत ती काकांचा उजवा हात स्वतः धरून बसते आणि तेवढी पंधरा मिनिटे तिथली सिस्टर त्या हाताची पट्टी सोडून ठेवते.